रिपोर्ट आला, पुढे काय?

मधुमेह असलेल्या बहुतेक मराठी घरांत एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली, औषधाच्या दुकानाचं नाव छापलेली, लॅबचे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी फुगलेली. ती रिकामी करून सगळे कागद तारखेनुसार लावले की अनेकदा एकच चित्र दिसतं. ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीए1सी, आधी 8.4, मग 8.7, पुढे 8.5, त्यानंतर 9.1. त्या प्रत्येक रिपोर्टनंतरच्या चिठ्ठीवर गोळी तीच, डोस तोच, आणि खाली ‘कंटिन्यू’. चार-पाच वर्षं अशीच जातात. मग एक दिवस डोळ्यांचे डॉक्टर पडद्यावर रक्तस्राव असल्याचं सांगतात, किंवा लघवीत प्रथिनं सापडतात, आणि घरात चर्चा सुरू होते की साखर अचानक कशी बिघडली. ती अचानक बिघडलेली नसते. कागदांवर ती चार वर्षं लिहिलेली होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, ही संख्या तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के. त्याच पाहणीतला एक भाग आदल्या वर्षी आला होता, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना आधीच ठाऊक होतं, त्यांच्यापैकी एचबीए1सी 7 च्या आत असलेले लोक होते 36.3 टक्के. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे तिन्ही आटोक्यात असलेले फक्त 7.7 टक्के. ही माणसं निदान झालेली होती. त्यांचा आजार कागदावर आलेला होता. तरी जवळजवळ तीनपैकी दोघांची साखर हाताबाहेर होती.

याचं कारण शोधताना बोट बहुतेक वेळा पेशंटकडे जातं: पथ्य पाळत नाहीत, चालत नाहीत, गोड सोडत नाहीत. मला हे निदान अपुरं वाटतं. आपल्याकडे मोजमाप होतं, औषधं मिळतात, त्यातली पुष्कळशी आता स्वस्तही आहेत. पण मोजलेल्या आकड्यावरून काही बदलायचं असतं, ते राहून जातं. पेशंट म्हणतो, “डॉक्टर, या महिन्यात घरात लग्न होतं, पुढच्या वेळी नक्की कमी येईल.” ओपीडीत पन्नासाव्या पेशंटला पाहणारे डॉक्टर म्हणतात, “ठीक आहे, तीन महिने बघू.” दोघांचंही बोलणं त्या क्षणी समजण्यासारखं असतं. पण असे ‘तीन महिने’ जोडत गेलं की त्यांची वर्षं होतात, आणि दरम्यान वाढलेली साखर डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या आणि पायांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर आपलं काम करत राहते.

हा उशीर किती महाग पडतो, हे ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाने दाखवलं. 1977 साली सुरू झालेल्या या अभ्यासात नव्याने निदान झालेले 5102 लोक घेतले होते. एका गटाची साखर काटेकोर ठेवली, दुसऱ्याची त्या काळच्या नेहमीच्या पद्धतीने. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटाचं एचबीए1सी 7.0 राहिलं, दुसऱ्याचं 7.9. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण बारीक रक्तवाहिन्यांचे विकार चौथ्या हिश्शाने घटले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष 2008 मध्ये आला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या साखरेतला फरक वर्षभरात पुसला गेला होता. तरीही दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा सुरुवातीला साखर नीट राखलेल्या गटात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होते. पहिल्या काही वर्षांत मिळवलेलं नियंत्रण शरीराला पुढे कितीतरी काळ उपयोगी पडतं. म्हणून ‘अजून बॉर्डरलाइनच आहे, बघू पुढे’ म्हणण्याचा काळ हाच खरा कामाचा काळ आहे.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा शोध पुण्यात लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखं. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. बीएमआयच्या हिशेबाने दोघे सारखे होते, पण आतून दोन वेगळी शरीरं होती. याची मुळं कुठपर्यंत जातात, हे याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करून दाखवलं. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं.

ही माहिती प्रबंधात ठेवून देण्याची नाही, उपचारात वापरण्याची आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सर्वांत मोठं काम स्नायू करतात. ज्याचे स्नायूच मुळात कमी, त्याच्या रक्तात भाताच्या त्याच दोन मुदींनंतर साखर जास्त वेळ रेंगाळते. ‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नुसतं वजन घटवण्यावर भर देणारा सल्ला सडपातळ मराठी माणसाला अर्धाच लागू पडतो, याचं कारणही हेच. त्याला स्नायू वाढवायचे आहेत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं आठवड्यातून दोन-तीनदा केलेलं कामही मोलाचं आहे. आपल्याकडे व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका, एवढंच ठरून गेलेलं आहे. ताकदीचा व्यायाम तरुणांसाठी असतो असा समज आहे. साठीतल्या मधुमेही बाईला त्याची गरज सर्वांत जास्त असते.

चालण्याबद्दलही वेळेचा मुद्दा आहे. पहाटे बागेत तासभर चालणं चांगलंच, पण जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचा परिणाम त्या जेवणाच्या साखरेवर थेट होतो. स्नायू हलू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातलं ग्लुकोज आत घेतात. जेवण झाल्यावर गच्चीत, गल्लीत, घरातल्या घरात चालायला बूट लागत नाहीत आणि बागही लागत नाही. आपली जुनी शतपावलीची सवय इथे कामाला येते. फक्त शंभरवर थांबू नये.

मोजण्याच्या बाबतीत मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. एचबीए1सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातल्या हिमोग्लोबिनवर साखर किती चढली याचं मोजमाप. इराणी शास्त्रज्ञ सॅम्युएल रहबर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन पाहिलं, आणि पुढे तीच जगभरची कसोटी झाली. 7 म्हणजे सरासरी साखर सुमारे 154, 8 म्हणजे 183, 9 म्हणजे 212. पण ही सरासरी आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस कळला म्हणून कोणत्या गावात टँकर लागणार ते कळत नाही, तसं एचबीए1सी 8.2 आहे एवढ्याने साखर केव्हा चढते ते कळत नाही. शिवाय ही तपासणी काही जणांत फसवते. लोहाची कमतरता असलेल्या रक्तक्षयात आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. याउलट सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा कमी दिसतो. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल नवा नाही. तिथे एचबीए1सी 6.5 आलं म्हणून निर्धास्त होण्याआधी बोटातून घेतलेल्या रक्ताचे आकडेही पाहायला हवेत.

घरच्या ग्लुकोमीटरचा खरा उपयोग सरासरीच्या आत डोकावण्यासाठी आहे. पण आपण तो कसा वापरतो? महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी, तेही रात्री हलकं जेवून. अशा आकड्याने डॉक्टरांची फसवणूक होते आणि स्वतःचीही. त्याऐवजी जोडीने मोजावं. एक जेवण निवडायचं. पहिला घास घेण्याआधी एकदा आणि त्या घासानंतर दोन तासांनी एकदा. एखाद्या दिवशी नाश्ता, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण, मग रात्रीचं. शेजारी लिहायचं: दोन पोळ्या, वाटीभर भात, चाललो की नाही. एका पट्टीला साधारण 15 ते 25 रुपये पडतात, त्यामुळे रोज मोजणं अनेकांना परवडत नाही. पण डॉक्टरांच्या भेटीआधीच्या एका आठवड्यात अशा सहा-सात जोड्या जमल्या, तर वर्षभराच्या उपाशीपोटीच्या आकड्यांपेक्षा त्या जास्त बोलतात. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचायचं. आंबा चिरलेल्या हाताने मोजलं तर आकडा भलताच वर जातो, आणि त्यावरून गोळी वाढवली तर तो साधा प्रकार राहत नाही.

या जोड्यांतून दिसतं ते असं. कुणाची सकाळची साखर 110 असते, पण पोह्यांनंतर ती 240 होते. त्याचं दुखणं ताटात आणि जेवणानंतरच्या बसून राहण्यात आहे. कुणाची रात्री जेवणानंतर 160 असते आणि पहाटे, मध्ये काहीही न खाता, 175. हे ऐकून घरातले संशय घेतात की रात्री उठून काही खाल्लं असेल. खाल्लेलं नसतं. रात्रभर यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडत असतं, आणि इन्सुलिनचा वचक कमी पडला की ते जास्तच सोडतं. इथे शतपावलीने फार फरक पडणार नाही. औषध, त्याची वेळ किंवा रात्रीचं इन्सुलिन यांचा विचार करावा लागतो. दोघांचंही एचबीए1सी 8.2 येऊ शकतं, आणि दोघांचे उपाय पूर्ण वेगळे असतात. दंडावर लावायचे 14 दिवसांचे सेन्सर आता मिळतात, ते हेच चित्र दिवस-रात्र काढून देतात. महाग असले तरी इन्सुलिन घेणाऱ्याने, शक्य असेल तर, वर्षातून एखादा लावून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारणपणे दिवसातला सत्तर टक्के वेळ साखर 70 ते 180 च्या दरम्यान असावी, असं लक्ष्य ठेवलं जातं.

आता ताट. आपल्याकडे मधुमेहाच्या आहाराची सगळी चर्चा साखरेच्या डब्याभोवती फिरते. चहा बिनसाखरेचा झाला की पथ्य सुरू झालं असं मानतात. गूळ चालतो, मध चालतो, खजूर नैसर्गिक आहे. गूळ ही साखरच आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण मुख्य प्रश्न पिष्टाचा आहे. ‘इंडियाब’च्या आहाराच्या माहितीवरून केलेल्या 2022 च्या विश्लेषणात 18,090 लोकांच्या जेवणाचा हिशेब होता. मधुमेह मागे हटवायचा किंवा टाळायचा, तर एकूण ऊर्जेतला पिष्टाचा वाटा सुमारे 50 ते 55 टक्क्यांवर आणि प्रथिनांचा 20 टक्क्यांच्या जवळ न्यायला हवा, असा त्याचा निष्कर्ष होता. आपलं नेहमीचं ताट यापासून खूप दूर आहे. 100 ग्रॅम तांदळात सुमारे 78 ग्रॅम पिष्ट असतं, गव्हाच्या पिठात 64, ज्वारीत 68, बाजरीत 62, नाचणीत 67. ज्वारी तांदळापेक्षा सावकाश पचते, तिच्यात तंतू जास्त, हे खरं. पण ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ या समजुतीवर दोनच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या, तर साखर वाढणारच. नाचणीच्या पातळ आंबिलाने तर ती पटकन चढते, कारण दळून, शिजवून, पातळ केलेलं धान्य आतड्यातून भरभर शोषलं जातं.

आणि प्रथिनं? आपलं पातळ वरण घ्या. वाटीभर वरणात तुरीची डाळ असते 20-25 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम पाच ग्रॅम. डाळ घट्ट करा, उसळ वाटीभर घ्या, झुणका करा, ताकाऐवजी दही, चालत असेल तर अंडी-मासे, मूठभर शेंगदाणे. ही सगळी आपल्या स्वयंपाकघरातलीच नावं आहेत. खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी कोशिंबीर-भाजी आणि उसळ, शेवटी भात-पोळी, असं जेवल्यावर तेच जेवण असूनही नंतरची साखर कमी चढते, हे अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आणि इतरत्रही. आपलं ताट एकदम वाढतात, त्यामुळे हे जमवायला काहीच अवघड नाही. भाजी आधी संपवायची, एवढंच.

दिवाळीत घराघरांत फराळाचे डबे भरलेले असतात, म्हणून त्याविषयी दोन शब्द. लाडू-करंजीला मधुमेही माणूस हात लावत नाही, आणि मग ‘तिखटमिठाचं चालतं’ म्हणून चिवडा, चकली, शेव दिवसभर तोंडात टाकत राहतो. पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे तेलात परतलेला तांदूळ. चकलीही भाजणीची, म्हणजे धान्याचीच. खारट असलेल्या पदार्थाला साखर वाढवायला गोड असण्याची गरज नसते. फराळ खायचाच असेल, आणि सणाला तो खावासा वाटणं हे काही पाप नाही, तर तो एका जेवणाच्या जागी खावा, जेवण अधिक फराळ असा नव्हे. सोबत वाटीभर उसळ किंवा दही घ्यावं, नंतर थोडं चालावं, आणि दोन तासांनी मोजून पाहावं. एका करंजीने साखर किती वाढते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की पुढच्या वर्षीचा निर्णय कुणी सांगावा लागत नाही.

उपवास हा त्याहून नाजूक विषय. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशीच्या दिवशी खिचडी, वर रताळ्याचा कीस आणि केळं, यांनी साखर एकीकडे चढते. दुसरीकडे, ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही, तर साखर धोकादायक खाली जाते. अशी गोळी आणि उपवास यांचं जमत नाही, त्या दिवसाचं औषध आधी विचारून घ्यावं. ‘फ्लोझिन’ गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना नक्की विचारावं. अंगात कीटोन साठून जिवावर बेतू शकतं. आषाढी वारीलाही हेच लागू. एरवी बसून काम करणारा माणूस रोज पंधरा-वीस किलोमीटर चालू लागला आणि गोळ्या-इन्सुलिन जुन्याच मापाने घेत राहिला, तर वाटेत चक्कर येऊन पडण्याचं कारण बहुतेक वेळा थकवा नसतं.

दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात लाखोंनी ऐकली. अधूनमधून तोंडात टाकणं बंद करणं आणि नियमित चालणं, हे तिचे दोन भाग अनेकांच्या उपयोगी पडण्यासारखे आहेत. पण व्याख्यान ऐकून दुसऱ्या दिवशी नाश्ता बंद करायचा आणि औषधं तशीच चालू ठेवायची, हे घातक आहे. किंवा उलट, औषधं सगळी बंद करायची. वजन उतरवून मधुमेह मागे हटतो, याला ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासाचा भक्कम आधार आहे. तिथे 2017 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, काही महिने अत्यंत कमी उष्मांकाचा आहार घेतलेल्यांपैकी 46 टक्के लोक वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर होते. 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण 86 टक्के. पण तो सगळा प्रकार वैद्यकीय देखरेखीखाली झाला, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांत झाला, आणि त्यात इन्सुलिन घेणारे नव्हते. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाला तर इन्सुलिन हा श्वासासारखाच आवश्यक. त्याचं इन्सुलिन कमी करा म्हणणाऱ्या कुणाचंही, कितीही आदरणीय असो, ऐकू नये.

औषधांबद्दल आपल्या समाजात एक भीती आहे: गोळ्या वाढल्या म्हणजे आजार वाढला, आणि ‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’. टाइप 2 मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू थकत जातात. दहा वर्षांनी जास्त औषध लागणं हे अपयश नव्हे. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त गोळी आजही बहुतेकांची पहिली गोळी असते. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी12 जीवनसत्त्व कमी होतं, आणि आपल्याकडे शाकाहारामुळे ते आधीच कमी असतं. तळपाय जळतात, मुंग्या येतात, ते सगळं ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून न देता एकदा बी12 तपासावं. डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट 2020 मध्ये संपल्यावर ते अनेक कंपन्यांनी बनवलं आणि किंमत उतरली. साखरेबरोबर मूत्रपिंड आणि हृदय यांचंही रक्षण करणारी ही गोळी पूर्वी परवडत नाही म्हणून दिली जात नसे. हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही, तेव्हा आपल्याला ती योग्य आहे का हे विचारायला हरकत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी मात्र एकदा जाऊन पाहावंसं वाटतं, कारण पुष्कळदा औषध बरोबर असतं आणि ते घेण्यात चूक असते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, पेनमधलं 100 युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजने ‘20’ च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट चूक झाली, 100 युनिटचं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं, तर 20 ऐवजी 50 युनिट जातात. औषधाच्या दुकानात ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढं म्हणणं पुरेसं नाही. दुसरं, पोटावर एकाच जागी रोज टोचून तिथे गाठी होतात. दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात. गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर उगाच वर-खाली होत राहते. जागा बदलत राहायचं, पण जुनी जागा सोडताना डॉक्टरांना सांगून, कारण ताज्या जागेतून तोच डोस जास्त लागू पडतो. तिसरं, उन्हाळा. चंद्रपूर-अकोल्याच्या 45 अंशांत खिडकीत ठेवलेली बाटली निकामी होते. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल तर पाण्याने भिजवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवलेली बाटली बरीच थंड राहते, हे तपासून पाहिलं गेलं आहे. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी किंवा टाकून द्यावी.

साखर कमी करण्याच्या उत्साहालाही मर्यादा असते. अमेरिका-कॅनडातल्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात 10,251 लोकांपैकी एका गटाचं एचबीए1सी 6 च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून 2008 मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. तिशीतल्या नव्या पेशंटला 6.5 चं लक्ष्य ठीक. बायपास झालेल्या, एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजींना 8 पर्यंत चालतं. त्यांची साखर रात्री 55 वर गेली तर पाहायला कुणी नसतं. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं ही साखर 70 च्या खाली गेल्याची खूण असू शकते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग पोळी-भाकरीसारखं काही खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

हे सगळं एकट्या पेशंटने सांभाळायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा मधुमेह केंद्रांत झालेला ‘कार्स’ हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो मला या विषयावरचा आपल्या भागातला सर्वांत उपयोगी पुरावा वाटतो. 1146 पेशंट घेतले होते. नवीन औषध काहीच नव्हतं. फक्त एका गटासाठी प्रत्येक केंद्रात एक समन्वयक नेमला, जो डॉक्टर नव्हता. तो पेशंटला फोन करत होता, तारीख आठवण करून देत होता, अडचण विचारत होता. आणि डॉक्टरांच्या संगणकावर ‘या आकड्यानुसार आता काय बदलता येईल’ हे सुचवणारी व्यवस्था होती. सुमारे 28 महिन्यांनी, साखर आटोक्यात आणि सोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलपैकी एक तरी आटोक्यात असलेले लोक या गटात 18.2 टक्के होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत 8.1 टक्के. दुप्पट. अजूनही कमीच, पण दुप्पट.

गावच्या उपकेंद्रात आज तिशीनंतरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची व्यवस्था आहे, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात, मेटफॉर्मिन मोफत मिळतं. म्हणजे समन्वयकाचं काम करू शकणारी माणसं बरीचशी आधीपासून आहेत. त्यांच्यावरचं ओझं वाढवण्याआधी त्या कामाचा मोबदला द्यायला हवा, हे ओघाने आलंच. आणि किती जणांची तपासणी झाली, याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: ज्यांची साखर गेल्या वेळी जास्त होती, त्यांच्यापैकी किती जणांचं औषध, ताट किंवा वेळ यांत काही बदललं, आणि त्यानंतर आकडा किती उतरला. शहरातल्या माणसाला हाच रकाना स्वतःच्या वहीत आखता येतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर रिपोर्ट पुढे करताना दोन प्रश्न विचारायचे: “या आकड्यावरून आज काय बदलायचं?” आणि “त्याचा उपयोग झाला की नाही, हे कोणत्या तारखेला तपासायचं?” ती तारीख चिठ्ठीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्यायची.